मान डोलली की चार मात्रा

या, अशा पुढे या बघू. मागे दाराजवळ कशाला बसताय? कार्यक्रम संपला की एमआरटीची गाडी गाठायला बरं पडतं म्हणून ना? मला सगळं कळतं बरं का. पाठ तुमच्याकडे असली म्हणजे काही दिसत नाही असं समजू नका. आपल्या मंडळातली तुम्ही निम्मी माणसं कित्येक वर्षं आमच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला येता, दोन भागांच्या मधेच टाळ्या वाजवता, मध्यंतरात सामोसे खाता आणि जाताना मला सांगता, "काकू, साडी काय सुंदर होती हो!" दुसरं काय सांगणार म्हणा. सबंध कार्यक्रमभर तुम्हाला माझी पाठ आणि पदर एवढंच दिसतं.

आणि आमची नलू! नलू म्हणजे नलिनी, बुकित बातोकला राहते, माझी सिंगापुरातली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिने तर एकदा भर मध्यंतरात, हातात चहाचा कप घेऊन, चारचौघांत विचारलं, "शैला, इतकी वर्षं येतेय मी, आज विचारूनच टाकते. तू नक्की वाजवतेस काय?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग तुला एवढा घाम कशाचा येतो गं?"

यंदाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहाच म्हणून संपादक मंडळींनी गळ घातली, तेव्हा ठरवलं की नलूच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. म्हणून म्हणतेय, तो फोन ठेवा बाजूला आणि जवळ या.

तर मी कंडक्टर. क्लेमेंटीच्या आमच्या कम्युनिटी क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी चाळीसेक माणसं आपापली वाद्यं घेऊन जमतात. कुणी बँकेत असतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी रिटायर झालंय. प्रत्येकाच्या पुढ्यात स्टँडवर कागद असतो, पण त्यावर फक्त त्याच्या एकट्याच्या वाद्याचं लिहिलेलं. व्हायोलिनवाल्याला ड्रमवाल्याचं काय चाललंय याचा पत्ता नसतो. सगळ्यांचं मिळून लिहिलेलं जाडजूड बाड, त्याला स्कोर म्हणतात, ते एकट्या माझ्यापुढे. म्हणजे असं बघा, चाळीस जण स्वयंपाकाला लागलेत, प्रत्येकाला आपल्या पातेल्यातलं ठाऊक आहे, आणि पान वाढल्यावर कसं दिसणार ते फक्त मला. उजव्या हातातल्या काठीने मी लय देते. डावा हात खुणांचा. तुम्ही या आता, तुम्ही थांबा, अहो ट्रम्पेट, जरा दमानं, शेजारी लोक राहतात.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

हे मी कुठे जाऊन शिकलेली नाही. ठाण्याला लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचे, पेटी वाजवायचे, मांडीवर टाळी आणि खाली देत ताल मोजायचे, एवढंच भांडवल. लग्न करून इथे आले. आमचे हे, अरविंद, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होते. मुलगा रोहन व्हायोला शिकायला लागला आणि कम्युनिटी क्लबातल्या ऑर्केस्ट्रात जायला लागला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची जरा जाड आवाजाची थोरली बहीण. त्याला न्यायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं, परत आणायचं, ही माझी ड्यूटी. बाहेर बसून करणार काय? मी बाकावर आणि कान आत. मग लायब्ररीतून पुस्तकं आणून त्यांची ती पाच रेघांवरची लिपी वाचायला शिकले. घरी रेकॉर्डिंग लावायची आणि ओट्यापुढे उभं राहून हात हलवायचे. काठी नव्हती म्हणून चॉपस्टिक. रोहन धावत येऊन पडदे ओढायचा. "आई, प्लीज लाह! समोरच्या ब्लॉकमधून सगळे बघतायत!"

तेव्हाचे आमचे कंडक्टर रिटायर झालेले संगीतशिक्षक होते. ते पाठीच्या दुखण्याने आडवे पडले, आणि निदान लय धरायला तरी कुणी हवं म्हणून त्यांनी बाकावरच्या बाईचं नाव सुचवलं. आठवडाभरासाठी म्हणून उभी राहिले, ती अजून उभीच आहे. रोहन आता मेलबर्नला असतो आणि त्याची व्हायोला इथे कपाटात. त्याला आत सोडायला गेलेली आई आत राहिली आणि तो बाहेर पडला. याची रुखरुख आहे मला. असो.

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. मी आपल्या सवयीने समेवर हात आपटला. आपल्याकडे सम चालत येते आणि आपण तिला टाळीने घेतो. इथे हात खाली येईपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. हात आला, मग ते वाजले. मी त्यांच्यासाठी थांबले, ते माझ्यासाठी थांबले, आणि सेल संपत आलेल्या घड्याळासारखं ते बिचारं संगीत जागच्या जागी उचक्या द्यायला लागलं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "आंटी, तुम्ही कधी बस थांबवायला हात दाखवलाय का?"

हे हॉक अंकल. त्यांचं सिंगापुरी इंग्रजी मी तुमच्यासाठी मराठीत लिहितेय. 'लाह' तेवढा तसाच ठेवते, त्याला आपल्याकडे शब्द नाही. माझ्याहून चांगले दहाएक वर्षांनी मोठे, तरी मला आंटी म्हणायचे. मीही त्यांना अंकल म्हणून फिट्टंफाट करून टाकली. धंद्याने बस ड्रायव्हर. तरुणपणी लष्करात सक्तीची नोकरी असते ना इथे, तेव्हा बँडमध्ये हॉर्न शिकले, तो कायमचा जडला. हॉर्न म्हणजे मोठी पितळी चकली डोळ्यांपुढे आणा, तिच्या एका टोकाला फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाला कर्णा. आवाज मात्र असा मऊ, की संध्याकाळी दूरवरून कुणी आपल्याला नावाने हाक मारतंय असं वाटावं. "ड्यूटीवर हॉर्न वाजवायला बंदी, म्हणून इथे येतो," असं ते सगळ्यांना सांगायचे.

"बस स्टॉपवर आल्यावर हात दाखवलात तर मी ब्रेक लावू कधी?" ते म्हणाले. "बस लांब असतानाच हात दाखवायचा. आम्ही चाळीस लोकांची बस आहोत, लाह."

माझं कंडक्टिंगचं शिक्षण म्हणाल तर हे एवढं. एका ड्रायव्हरने कंडक्टरला शिकवलेलं. पण खरंच सांगते, सगळी विद्या त्यातच आहे. आवाजाच्या आधी एक श्वास असतो. मी काठी उचलते, श्वास घेते, आणि माझ्याबरोबर चाळीस जण श्वास घेतात. वेग किती, जोर किती, रागाने वाजवायचं की लाडाने, हे सगळं त्या वर गेलेल्या हातात सांगून झालेलं असतं. हात खाली येतो तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. नलू, घाम त्या वरच्या हाताचा गं.

फजित्या तर किती सांगू. एकदा मॉलमध्ये वाजवत होतो. माझ्या पाठीमागेच सरकता जिना. त्यावरून एक आजोबा उतरले, हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली, माझ्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कंडक्ट करायला लागले. माझी निम्मी व्हायोलिनं त्यांच्या मागे गेली. खोटं कशाला बोलू, त्यांची लय चांगली होती. संपल्यावर त्यांनी वाकून टाळ्या घेतल्या, पिशवी उचलली आणि निघून गेले.

पण माझं खरं दुखणं म्हणजे माझी मान.

तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही. चांगलं ऐकलं की आपली मान डोलते. आपण ठरवून डोलवत नाही, ती आपोआप जाते, त्यालाच तर आपण दाद म्हणतो. गायक समेवर आला आणि समोरची एकही मान हलली नाही, तर तो बिचारा घरी जाऊन जेवेल का? पण ऑर्केस्ट्रात कंडक्टरची मान हलली म्हणजे खूण! तिकडे चाळीस जण डोळे लावून बसलेले असतात, त्यांना काय माहीत ही बाई फक्त 'वा' म्हणतेय.

माझ्या सुरुवातीच्या एका कार्यक्रमात एका जुन्या सिम्फनीचा संथ भाग चालला होता. त्यात फ्लूट एकटी हळूहळू वर चढत जाते, शिखरावर जरा रेंगाळते आणि मग अलगद खाली उतरते. ती उतरायला लागली की चार मात्रांनी हॉर्न तिला हाक देतो. आमची फ्लूटवाली पेई वेन तेव्हा नुकतीच अकाउंटंट म्हणून नोकरीला लागली होती, पण काय सांगू, तिने ती उतरण अशी घेतली, अशी घेतली, की माझी मान गेली! आणि मान जाताच हॉक अंकलनी हॉर्न फुंकला. चार मात्रा आधी. त्या नाजूक फ्लूटच्या डोक्यावर, हार्बरफ्रंटहून फेरीबोट सुटावी तसा.

कार्यक्रमानंतर आम्ही सगळे हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, जातो. तिथे ते मान खाली घालून चहा ढवळत बसले होते. मी म्हटलं, "अंकल, तुम्ही आधी का आलात?"

"तुमची मान हलली, मी आलो."

"ती मान तुमच्यासाठी नव्हती हो, पेई वेनसाठी होती!"

"मानेवर नाव लिहा मग, लाह."

पेई वेनने तिथल्या तिथे नियम करून टाकला. डावा हात ऑर्केस्ट्राचा, मान इंडियाची. इंडियाकडे कुणी बघायचं नाही. पुढे अनेक वर्षं माझी मान सुखाने डोलत राहिली आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आता मला जे सांगायचंय ते अगदी अलीकडचं आहे. हॉक अंकल रिटायर झाले होते. आम्ही तीच सिम्फनी पुन्हा करायला घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की ते माझ्याकडे फार बघतात. तुम्ही म्हणाल, बघायलाच हवं की. तसं नसतं. मुरलेला वादक कागदात असतो, कानाने शेजाऱ्यांत असतो आणि अधूनमधून डोळा वर करतो. एकटक बघतो तो एक तर नवशिका, नाहीतर ज्याला ऐकू येत नाही तो. शिवाय तालमीत त्यांचे टोमणे बंद झाले होते. टोमणा मारायला आधी समोरच्याचं बोलणं ऐकू यावं लागतं ना.

एका गुरुवारी तालीम संपल्यावर मी त्यांच्याबरोबर मुद्दाम बस स्टॉपपर्यंत गेले. त्यांच्या डाव्या बाजूने काही विचारलं तर त्यांना कळलंच नाही. उजवीकडे गेले तेव्हा हसले.

"सापडलो वाटतं."

मग सगळं सांगितलं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही चाललेला. मशीन घेतलंय, पण त्यातून माणसाचं बोलणं बरं ऐकू येतं, व्हायोलिन मात्र पत्रा ओढल्यासारखं वाटतं. स्वतःचा हॉर्न दातांतून, जबड्यातून कळतो. खोलीच्या पलीकडची फ्लूट मुळीच नाही.

"हा कार्यक्रम झाला की थांबणार आहे मी," ते म्हणाले. "पण ती हाक मला एकदा नीट मारायची आहे, आंटी. त्या वेळी फेरी सुटली होती. मधे ही सिम्फनी कधी आलीच नाही. आता पुन्हा येईपर्यंत मला काहीच ऐकू येणार नाही."

शेजारच्या खुर्चीवर दुसरा हॉर्न होता, एक शाळामास्तरीण, छान वाजवायची. ती हाक तिला देऊन टाकणं सोपं होतं आणि शहाणपणाचंही. पण मी म्हटलं, "तुम्हीच वाजवायची." म्हटलं खरं, पण काम अवघड होतं.

का, ते सांगते. तुम्ही म्हणाल, डाव्या हाताने खूण करायची, संपलं. पण हॉर्नवाल्याला वाजवायच्या आधी ओठ बसवावे लागतात, छाती भरून घ्यावी लागते. ऐकू येणारा फ्लूट ऐकत ऐकत तयार होतो. ज्याला ऐकू येत नाही तो माझ्या हाताची वाट बघत ताणून बसलेला असतो, आणि हात आला की त्याला उशीर झालेला असतो. मात्रा मोजत बसावं, तर त्या आधीची शांतता भली मोठी. मोजताना एकदा चुकलं की बाकीचे कानाने सावरून घेतात. त्यांनी कशाने सावरायचं?

पुढच्या तालमीत पेई वेन शिखरावरून उतरली, माझी मान गेली, आणि ताणून बसलेले हॉक अंकल आले. चार मात्रा आधी. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. त्यांनी हॉर्न मांडीवर ठेवला आणि शेजारणीकडे बघून म्हणाले, "हे तू घे."

"कुणी काही घ्यायचं नाही," मी म्हटलं. "मान माझी आहे. मी बघते तिच्याकडे."

घरी आले आणि अरविंदना समोर बसवलं. म्हटलं, मी चांगलंचुंगलं गाणं लावते, तुम्ही माझ्या मानेवर नजर ठेवा. जेवणाच्या टेबलाशी मी ताठ बसलेली, समोर हे चष्मा लावून, परीक्षकासारखे.

"हललं," हे म्हणाले.

"कुठे? गाणं सुरू तरी झालंय का?"

"तानपुऱ्यालाच हललं."

पुन्हा लावलं. "हललं." पुन्हा. "आत्ता भुवया हलल्या, चालतील का?" आठवडाभर आमच्या घरात हाच उद्योग. शेवटी शेवटी मी दात आवळून, खांदे आवळून, दगडासारखी बसायला शिकले. गाण्यातलं काही कळेनासं झालं, पण मान हलेना.

गुरुवारी त्याच दगडासारखी उभी राहिले. फ्लूट चढली, रेंगाळली, उतरली. मान जागच्या जागी. मी मोठ्या दिमाखात डावा हात उचलून खूण केली आणि हॉर्न आलाच नाही. हॉक अंकल नुसते माझ्याकडे बघत राहिले, बस चुकलेल्या माणसासारखे.

मी काठी खाली ठेवली. ते म्हणाले, "आंटी, आज तुमची मान का बंद आहे?"

"तुमच्यासाठीच बंद केली हो."

"सुरू करा, लाह! फ्लूट कुठपर्यंत आली ते मला कसं कळणार?"

मला काही उलगडेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी घरी बसून विचार केला होता की आपण दर वेळी चार मात्राच आधी कसे येतो. एकदा तीन, एकदा पाच, असं कधी नाही. म्हणजे आंटीची मान दर वेळी एकाच जागी जाते. फ्लूट शिखरावरून पाऊल खाली टाकते, तिथे. "मान गेली की वाजवायचं नाही, चार मोजायचे. ओठ बसवायचे, श्वास घ्यायचा. चौथ्याला तुमचा हात, पाचव्याला मी. इतकी वर्षं तुमची मान वायाच चालली होती."

आम्ही करून बघितलं. बरोबर आले! पेई वेनने फ्लूट हवेत फिरवली. मी घरी येऊन यांना बडीशेप देऊन परीक्षकाच्या कामातून मोकळं केलं.

पण संपलं नाही ना तेवढ्यावर. मान खुणेची झाली म्हटल्यावर मला तिची काळजी लागली. फ्लूट चढायला लागली की मनात सुरू, आता मान हलवायची हं, आता हलवायची हं. आणि मी हलवायची, ती अर्धी मात्रा आधी नाहीतर एक मात्रा नंतर. हॉक अंकल पुन्हा चुकले. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा मानेनेच नकार देत म्हणाले, "ही खरी नाही. खोटी मान दिसते मला."

दाद ठरवून येत नाही हो. जन्मभर ती आपसूक आली, तेव्हा मी तिला शिस्त लावत होते. आता तिची गरज होती, तर ती अडून बसली. कार्यक्रम दोन दिवसांवर आला आणि मला धड झोप नाही. त्या माणसाची शेवटची हाक माझ्या मानेवर टांगलेली, आणि मान माझ्या हातात नाही.

पेई वेन आता दोन मुलांची आई आहे. हॉक अंकलनी कानांचं तिला स्वतःच सांगितलं होतं. कार्यक्रमाच्या आधी ती माझ्या निऱ्यांशी वाकून, पिन नीट लावत म्हणाली, "आंटी, मान हलवायचं तुम्ही मनावर घेऊ नका. तुमची मान हलवणं माझं काम."

एका शाळेचं सभागृह होतं. तुमच्यातले पुष्कळ जण होता तिथे. नलू दाराजवळच होती. हॉक अंकलच्या पत्नी, गेओक आंटी, पहिल्या रांगेत पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. संथ भाग सुरू झाला. फ्लूट चढायला लागली, आणि पहिल्या दोन सुरांतच मला कळलं की आज पोरगी निराळंच काही करतेय. तालमीत अशी कधी वाजवली नव्हती. शिखरावर पोचली आणि तिथे राहिली. राहिली म्हणजे खाली यायचं नावच घेईना. मी काठी धरून थांबले, सगळा ऑर्केस्ट्रा थांबला. तो एकच सूर, बारीक, उजळ, कुठे जरा थरथर नाही. मी कोण, कुठे उभी आहे, मागे कोण बसलंय, काही आठवेना. मग तिने तो सूर सोडला आणि एक पाऊल खाली टाकलं.

आणि मला भान आलं ते दोन मात्रांनंतर. हॉक अंकल! मान गेली होती का? खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. आणि डावा हात? डावा हात साडीला चिकटून लोंबतोय! तो उचलायला हवा एवढं डोक्यात येईपर्यंत चौथी मात्रा सरली.

आणि हाक आली. अगदी तिथेच, जिथे यायची होती. मऊ, गोल, लांबून आलेली. मी मान वर केली तर हॉर्नच्या पितळेवरून त्यांचे दोन डोळे माझ्याकडे लागलेले. मी त्यांना काहीच दिलं नव्हतं, ना हात, ना खूण. मी नुसती ऐकत होते.

नंतर मागच्या खोलीत ते हॉर्न उलटा करून त्यातलं पाणी झटकत होते. फुंकून फुंकून साठतं ते. गेओक आंटी शेजारी उभ्या होत्या, नवऱ्याची कॉलर उगीचच सारखी करत होत्या. मी जवळ गेले. ते म्हणाले, "आंटी, आज पेई वेनने तो वरचा सूर काय सुंदर धरला, नाही?"

मी उजव्या बाजूला गेले. "तुम्हाला ऐकू आला?"

"नाही, लाह," ते म्हणाले. माझ्या मानेकडे बोट केलं. "दिसला."

त्यांनी हॉर्न ठेवला त्याला आता बरेच महिने झाले. त्यांची खुर्ची मास्तरीणबाईंना दिली. पण गुरुवार चुकलेला नाही. तालमीला येतात, ड्रमच्या मागे प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसतात, कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात आणि सबंध वेळ माझ्याकडे तोंड करून बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, ऐकायला येतो. मधेच त्यांचीही मान डोलते. वर्षानुवर्षं माझ्याकडे बघून त्यांना माझी सवय लागलीय. माझ्या मागोमाग अर्ध्या मात्रेने जाते, पण खरी असते.

त्यांच्या शेजारी नेहमी एक खुर्ची रिकामी असते. म्हणून म्हणते, तुम्ही सगळे या. कार्यक्रमाला नका येऊ, माझी पाठ पुष्कळ बघून झाली. एखाद्या गुरुवारी तालमीला या आणि त्या बाजूने बसून बघा. साडी समोरूनही चांगली दिसते. नलू, तू तर या गुरुवारीच ये. मी काय वाजवते ते हॉक अंकल तुला सांगतील, फक्त त्यांच्या उजव्या बाजूला बस. बुकित बातोकहून थेट बस आहे. आणि ती लांब दिसली ना, की तेव्हाच हात दाखव. स्टॉपवर येईपर्यंत थांबू नकोस.